लहान ट्रॅक्टरची अवजारे : निवड आणि वापर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावातील एका गृहस्थांनी घरची बैलजोडी विकली आणि पंधरा अश्वशक्तीचा एक लहान ट्रॅक्टर दारात आणून उभा केला. घरच्या बायामाणसांनी त्याला हारतुरे घातले, पोराबाळांनी त्यावर चढून घेतले, आणि दोन दिवस सारे घर आनंदात होते. आठवड्याने ते गृहस्थ आमच्याकडे आले आणि थोडे ओशाळून म्हणाले, "अण्णा, यंत्र तर आले. पण ह्याच्या मागे काय काय लावायचे ते कोणी सांगितलेच नाही हो!"

त्यांचा हा प्रश्न आम्हांस मोठा मोलाचा वाटला. ट्रॅक्टर स्वतः काहीच करीत नाही. तो नांगरत नाही, कुळवीत नाही, चिखल करीत नाही. ही सारी कामे त्याच्यामागे जोडलेली अवजारे करतात. अवजार नसलेला ट्रॅक्टर म्हणजे जू नसलेला बैल, आणि त्यातही बैल निदान शेण तरी देतो. हप्ता मात्र ट्रॅक्टर उभा राहिला तरी चुकत नाही. असे असून विकत घेताना सर्वांचे लक्ष यंत्राकडे, त्याच्या रंगाकडे व हप्त्याकडे असते. अवजारांचा विचार सर्वांत शेवटी, विक्रेत्याच्या टेबलाशी बसून पाच मिनिटांत उरकला जातो.

हे आम्ही दुसऱ्यास हसण्यासाठी लिहीत नाही. आम्हां तीन भावांची मिळून खानापूर तालुक्यात पाच एकर जमीन आहे. अडीच एकर भात, दीड एकर ऊस आणि उरलेल्या उतारावर काजू. ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी आम्ही एका प्रदर्शनात गेलो आणि तेथे चार फुटी रोटाव्हेटर पाहून भुललो. "चार फूट घ्या, फेऱ्या कमी होतील, डिझेल वाचेल," असे विकणाऱ्याने सांगितले व ते आम्हांस पटले. शेतात उतरवल्यावर मात्र पहिल्याच तासात इंजिन धापा टाकू लागले, नळीतून काळा धूर निघू लागला, आणि बांधाशी वळताना पुढची चाके जमीन सोडू लागली. दोन हंगाम आम्ही ते अवजार कसेबसे वापरले आणि शेवटी निम्म्याहून कमी किमतीस विकले. ते पैसे थोरल्या वहिनींनी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून काढले होते. त्यांनी आम्हांस एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरे झाले असते.

आमची चूक कोठे झाली? ट्रॅक्टरच्या पत्र्यावर लिहिलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, खड्डे पाडण्याचा गिरमिट इत्यादी फिरणारी अवजारे ज्या मागच्या दांड्यावर चालतात, त्या पीटीओपाशी पोहोचेपर्यंत त्या शक्तीचा काही अंश गिअरांतच खर्ची पडतो. म्हणून अवजार निवडताना पीटीओची अश्वशक्ती विचारावी. पंधरा अश्वशक्तीच्या यंत्रास अडीच ते तीन फुटांचा रोटाव्हेटर पुरे होतो. चार फुटांसाठी चोवीस-पंचवीसच्या घरातील यंत्र हवे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षणासाठी सुरू झालेली सरकारी संस्था आज ट्रॅक्टरांची परीक्षाही घेते. विक्रेत्याकडे त्या परीक्षेचा अहवाल मागावा. त्यात पीटीओची शक्ती व उचलण्याची ताकद मोजून लिहिलेली असते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडतो.

उचलण्याच्या ताकदीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ लहान ट्रॅक्टर सात-आठशे किलोंपर्यंत वजन उचलतात असे सांगितले जाते. पण हा आकडा खालच्या दोन हातांच्या अगदी टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचा भार त्या टोकापासून जितका मागे सरकेल तितकी ती ताकद उणी होते. शिवाय मागचे वजन वाढले की पुढचा भाग हलका होतो आणि सुकाणू हाती असून नसल्यासारखे होते. दोनशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो, वर टाकीचे व पंपाचे वजन निराळे. अशा वेळी ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजने लावावीत. ती विकतच घेतली पाहिजेत असे वाटून कित्येक जण हात आखडतात; पण नाकावर वजने नसलेला ट्रॅक्टर चढावर नेणे आम्हांस तरी मान्य नाही.

आता जोडणीविषयी. मागे दिसणारे दोन खालचे हात व मध्यभागी एक वरचा दांडा, अशी जी तीन ठिकाणची जोडणी आज जगभरच्या ट्रॅक्टरांस दिसते, ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश यंत्रज्ञाची देणगी आहे. १९१७ च्या सुमारास आयर्लंडात सरकारच्या वतीने ट्रॅक्टरांची देखरेख करताना त्यांना एक दोष दिसून आला. नांगर साखळीने ओढला जाई. तो दगडाला किंवा मुळाला अडला की ट्रॅक्टर मागच्या मागे उभा राही व हाकणाऱ्यावर कोसळे. फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरचाच एक अवयव करून टाकला. नांगर अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरच्या पाठीवर पुढच्या दिशेने रेटा देतो व पुढची चाके जमिनीस दाबली जातात. या शोधाचे पेटंट त्यांना १९२६ साली मिळाले. अर्थात ही जोडणी केवळ सोयीसाठी नव्हे, तर माणसांचे प्राण जात होते म्हणूनही जन्मास आली, हे विसरता कामा नये. पुढे या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

या जोडणीच्या खिळ्यांचे माप ठरलेले असते. साधारण ट्रॅक्टरांत, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या जोडणीत, खालचे खिळे सात अष्टमांश इंच व वरचा खिळा पाऊण इंच जाडीचा असतो. अगदी लहान यंत्रांत, म्हणजे शून्य श्रेणीत, तिन्ही खिळे पाच अष्टमांश इंचांचे असतात. जुने अवजार स्वस्तात मिळते म्हणून आणावे आणि घरी आल्यावर ते बसू नये, असे प्रसंग आम्ही कितीतरी पाहिले आहेत. लोहाराकडून भोक मोठे करून घेणे किंवा बारीक खिळ्यावर पत्रा गुंडाळणे हे उपाय एक-दोन दिवस टिकतात आणि मग ऐन नांगरटीत खिळा तुटतो. सबब अवजार पाहण्यास जाताना खिशात मोजपट्टी असावी. दोन खालच्या हातांमधील अंतरही मोजून न्यावे.

कोणती अवजारे खरोखर आवश्यक आहेत? आमच्या मते पाच-सहा एकरांच्या भातशेतीस तीनच : एक फणांचा कल्टिव्हेटर, एक लहान रोटाव्हेटर आणि चिखलणीची लोखंडी चाके. पलटी नांगर वर्षातून एकदा किंवा दोन वर्षांतून एकदा लागतो. तो भाड्याने आणावा. ट्रॉली असली तर उत्तम. परंतु चार घरांत मिळून एक पुरते. कर्नाटकात सरकारच्या 'कृषी यंत्र धारे' योजनेतून अवजारे भाड्याने देणारी केंद्रे निघाली आहेत, तशीच इतर राज्यांतही आहेत. वर्षाकाठी चार दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. मात्र पेरणीच्या हंगामात भाड्याच्या अवजारासाठी सारा गाव एकाच दिवशी रांग लावतो, म्हणून ज्या कामाला वाफसा सांभाळावा लागतो ते अवजार शक्य तर स्वतःचे असावे. आम्ही कल्टिव्हेटरला पहिले स्थान देतो ते याच कारणासाठी. त्यास पीटीओ लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही, फाळ झिजले की उलटे करून लावता येतात. आणि उसाच्या सरीत दोन फण काढून ठेवले की कोळपणीही होते.

नांगराचे नाव निघाले म्हणून बेळगावची एक गोष्ट सांगावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. त्या काळी लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाचे भय तर आता कोणास राहिले नाही. उलट नवे दिसेल ते अवजार पारखून न पाहता घरी आणण्याची हौस मात्र वाढली आहे, आणि रोटाव्हेटरच्या बाबतीत तिचे परिणाम जमिनीला भोगावे लागत आहेत.

रोटाव्हेटरचा जनक ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली न्यू साउथ वेल्समधील गिलगँड्रा येथे वडिलांच्या शेतावर त्याने फिरत्या पात्यांनी माती उकरण्याचे प्रयोग सुरू केले. पहिली पाती माती बाजूला फेकीत असत. पुढे त्याने इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पाती चकत्यांवर बसवली आणि ती अडचण दूर झाली. आज आमच्या खाचरांत फिरणारी पाती तीच.

या अवजाराने एका फेरीत जमीन रव्यासारखी होते व ते पाहून डोळे निवतात. अडचण अशी की पाती चार-पाच इंचच खोल जातात. वर्षानुवर्षे तेवढ्याच खोलीवर फिरल्याने त्याखाली एक घट्ट थर तयार होतो. भातास तो थर काही अंशी उपकारकच असतो, कारण पाणी खाचरात तुंबून राहते. पण त्याच शेतात पुढे वाल, मसूर किंवा मिरची केली की मुळे त्या थराशी येऊन आडवी पसरतात. उतारावरच्या तांबड्या जमिनीत याहूनही वाईट घडते : रव्यासारखी झालेली माती आमच्या पश्चिमेकडच्या पावसाच्या पहिल्या दोन सरींतच ओढ्यास मिळते. आम्ही काजूच्या बागेत एक वर्ष रोटाव्हेटर फिरवला, आणि त्या पावसाळ्यात खालच्या विहिरीचे पाणी गेरूसारखे झाले. तेव्हापासून तेथे गवत केवळ कापतो, जमीन उकरीत नाही. माळव्यातील किंवा बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत अडचण निराळी. तेथे ओल अधिक असताना पाती फिरवली तर माती लोण्यासारखी चिकटून गोळे होतात व ते वाळून विटांसारखे बसतात. मूठभर माती दाबून पाहावी. ती बोटांनी फुटली तर शेतात जावे, नाहीतर घरी बसावे.

वापरताना ट्रॅक्टरचा वेग माणसाच्या सावकाश चालीएवढा, तासाला तीन-चार किलोमीटर असावा. मागचा पत्रा वर उचलला की ढेकळे मोठी राहतात, खाली सोडला की माती बारीक होते. दरवेळी तो खालीच ठेवण्याचे काही कारण नाही. बांधाशी वळताना अवजार थोडेच उचलावे. फार उंच उचलले तर फिरत्या दांड्याचा सांधा वाकडा होऊन खडखडू लागतो व काही महिन्यांत तुटतो. पाती जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. हायड्रॉलिकच्या दोन दांड्यांबद्दलही पुष्कळ घोटाळा असतो. एक दांडा ओढीवर चालतो, दुसरा उंचीवर. नांगर व कल्टिव्हेटरसाठी ओढीचा, म्हणजे जमीन कठीण लागली की अवजार आपोआप किंचित वर येते. रोटाव्हेटर व फवारणीच्या टाकीसाठी उंचीचा. तसेच बाजूच्या साखळ्या नांगरताना थोड्या सैल आणि रोटाव्हेटर लावताना ताठ असाव्यात. एवढे सांभाळले तरी निम्मी मोडतोड टळते.

गोव्यातील कुळागरांत, माडा-पोफळींच्या गर्दीत, बसून चालवण्याचा ट्रॅक्टर वळतच नाही. तेथे मागून चालत हाकण्याचा पॉवर टिलरच बरा, आणि त्याची अवजारे निराळी. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे वळू. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा उसाची भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर काढीत होता. चाके रुतली. उंचावरून ओढले तर जोर अधिक लागेल अशा समजुतीने त्याने ट्रॉलीची साखळी खालच्या ओढदांड्यास न लावता वरच्या दांड्याच्या कडीस अडकवली, इंजिनाचा वेग वाढवला आणि क्लच एकदम सोडला. पुढची चाके कमरेएवढी वर आली. त्याने भीतीने पाय झाडला तो सुदैवाने क्लचवरच पडला. ट्रॅक्टर पुन्हा खाली आदळला आणि पोरगा सुकाणूवर आपटून त्याच्या दोन फासळ्या मोडल्या. आम्ही हाकेच्या अंतरावर उभे होतो, परंतु "अरे!" एवढाही शब्द तोंडातून फुटण्यापूर्वी सारे घडून गेले. धाकट्या वहिनी त्या दिवसापासून तो ट्रॅक्टरवर बसला की दारात उभ्या राहतात, तो परत येईपर्यंत आत जात नाहीत.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. इंजिन मागची चाके फिरवू पाहते. चाके रुतून बसली की फिरण्याचा तो जोर आसाभोवती ट्रॅक्टरच्या धडासच उचलू लागतो. ओढण्याची जागा आसाच्या खाली असेल तर ओढ पुढचा भाग खाली धरून ठेवण्यास साहाय्य करते. ती आसाच्या वर गेली की तीच ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते. फर्ग्युसन यांच्या जोडणीने नांगराचा धोका टळला, पण साखळी भलत्याच ठिकाणी बांधणाऱ्यापुढे कोणतीही जोडणी काय करणार? म्हणून ट्रॉली, ओंडका, दगड, काहीही ओढावयाचे असो, साखळी खालच्या ओढदांड्यासच लावावी. चिखलात रुतलेल्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून बाहेर पडण्याची जी युक्ती भातशेतीत सर्रास केली जाते, ती आमच्या मते सर्वांत घातकी. चाक ओंडक्यावर अडले की ट्रॅक्टर उलटण्यावाचून त्यास गती नसते. रुतला तर मागे घ्यावा. मागे येत नसेल तर चाकांपुढची माती खणावी किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढून ओढून घ्यावा. अर्धा दिवस गेला तरी चालेल. स्वीडन देशात १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांस बैठकीमागे मजबूत संरक्षक चौकट असणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि उलटण्याने होणारे मृत्यू तेथे फार मोठ्या प्रमाणावर घटले. आपल्याकडे ही चौकट मिळत असली तर अवश्य घ्यावी, आणि तिच्यासोबत कमरेचा पट्टाही बांधावा. पट्ट्याशिवाय चौकट अर्धीच. मडगार्डवर पोरांना बसवून शेतात नेण्याची जी प्रथा आहे, ती तर आजच बंद झाली पाहिजे.

दुसरे भय फिरत्या दांड्याचे. पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्याची जाडी एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. पदराचे किंवा टॉवेलाचे टोक त्यात सापडले तर एका सेकंदात सव्वातीन फूट कापड गुंडाळले जाते. पदर सोडवण्यास हात पुढे करीपर्यंत तो पदर उरलेलाच नसतो. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले की ते काढून फेकून देतात व नवे आणीत नाहीत, ही आमच्या गावोगावची रीत. आवरणाची किंमत फार नसते. पात्यांत गुंतलेला पेंढा काढताना पीटीओ बंद करणे पुरेसे नाही. इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. खड्डे पाडण्याचा गिरमिट जमिनीत रुतला तर तोही इंजिन बंद करूनच हाताने उलटा फिरवून काढावा. फवारणीच्या वा मळणीच्या कामात बायका जवळपास असतात. त्यांनी पदर खोचून, केस बांधून काम करावे, आणि चालवणाऱ्यानेही गळ्यात टॉवेल टाकून बसू नये.

अवजारांची निगा फार कठीण नाही. चिखलणी संपली की त्याच संध्याकाळी माती धुवावी, पात्यांचे बोल्ट आवळावेत, पेटीतील नव्वद नंबरच्या तेलाची पातळी पाहावी. पाणी शिरले असेल तर तेल दुधाळ दिसते. ते तेव्हाच बदलावे. फाळांना व पात्यांना जुने इंजिन ऑइल चोपडावे, आणि अवजार मातीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर टेकवावे. रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचललेल्या स्थितीत रात्रभर ठेवू नये. तो खाली बसवून मगच घरी जावे.

ते शेजारचे गृहस्थ आमच्याकडून मोजपट्टी घेऊन गेले आणि पुढल्याच शनिवारी बेळगावहून पाच फणांचा कल्टिव्हेटर घेऊन आले. रोटाव्हेटर यंदा आमचाच वापरतील. चिखलणीचे दिवस आम्ही आपसांत वाटून घेतले आहेत, त्यांचे खाचर खालच्या अंगास असल्याने त्यांचे आधी.